परवा सकाळी मी काढीन

काका, कुंपण तसंच ठेवून गेलात ना?

बाकी कुणाला हे कळायचं नाही. खाली ऑफिसच्या शटरवर तुमचा फ्लेक्स लावलाय, त्यात तुम्ही हसताय. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून घेतलाय, शेजारच्या माणसाचा अर्धा खांदा अजून दिसतो. हे हसू लोकांनी कुठून शोधून काढलं कोण जाणे. मी इतकी वर्षं समोरच्या खुर्चीवर बसले, मला तर असलं काही दिसलं नाही. येणारा जाणारा हात जोडतो आणि म्हणतो, "दगडूभाऊ देवमाणूस होता." मी त्यांना चहा देते आणि आत जाऊन दात आवळते. तुम्ही ऐकलं असतंत तर त्यांना चहासकट बाहेर काढलं असतंत.

मला तुमचा राग आलाय. गेलात म्हणून आलाय असं समजू नका, आधीपासूनच होता. आता फक्त समोर उलटून बोलायला कुणी नाही, म्हणून तो पोटात साचून राहिलाय. आज मी सगळं ओळीनं मांडणार आहे, म्हणजे दोष कुणाचा ते तरी एकदा ठरेल. तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, हे पहिल्यांदाच घडतंय.

तर तुमची ती वेबसाइट. तापीच्या दोन्ही अंगांच्या केळीवाल्यांनी बाग कापणीला आली की तिथं नाव घालायचं. मग नथ्थू मुकादमाची टोळी पाळीपाळीनं एकेकाच्या बागेत शिरणार, घड कापणार, गाडीत भरणार. आज कुणाची पाळी ते सर्व्हरवरची स्क्रिप्ट बघणार आणि सकाळी सहाला त्याच्या मोबाइलवर मेसेज टाकणार: राम राम, आज तुमच्या बागेत कापणी, पाणी सोडू नका. पाणी सोडलं की चिखल, आणि चिखलात डोक्यावर घड घेऊन कोण चालणार? त्या स्क्रिप्टला रोज उठवायचं काम क्रॉनचं. सर्व्हरच्या पोटातला गजरच तो. कधी आणि काय, एवढी एक ओळ लिहून ठेवली की आपण झोपलेले असो की मेलेले, तो आपला हाक मारत राहतो. पण ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकलं, की त्या ओळीकडे तो बघतसुद्धा नाही. त्या चिन्हाला तुम्ही कुंपण म्हणायचात.

आणि अमावास्येला टोळी कोयता हातात धरत नाही. म्हणून दर अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही कुंपण घालायचात आणि अमावास्या झाली की पहाटे उठून काढायचात. दर महिन्याला. हातानं. त्या संध्याकाळीही घातलंत, खुर्ची मागं सारलीत आणि म्हणालात, "उद्या अमावस. परवा सकाळी मी काढीन."

परवा सकाळी तुम्ही नव्हता.

हे एवढं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलंय. चांगलं काही बोलून जायचं सोडून हेच का सुचलं तुम्हाला?

मी इथली नाही, हे तर तुम्ही मला रोजच सांगायचात. कोल्हापूरच्या खालचं आमचं गाव, आठवीनंतर शाळा सुटलेली. ताईच्या बाळंतपणाला म्हणून आले. दाजी कागदाच्या मिलमध्ये कामाला. बाळ रांगायला लागलं तरी मला परत न्यायला कुणी आलं नाही, कारण तिकडंही खाणारी तोंडं पुष्कळ. बुऱ्हाणपूर बस स्टँडजवळच्या तुमच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस हवाय असं दाजींनी ऐकलं. मी आले तेव्हा तळहात घामानं ओले होते, ओढणीला पुसत उभी होते. तुम्ही कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलंत, "नाव?" मी सांगितलं. "कुठली?" तेही सांगितलं. त्यातलं नाव तुम्ही तिथंच टाकून दिलंत आणि गाव ठेवलंत. त्या दिवसापासून मी 'ए कोल्हापूर'. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. एकदा सवयीनं तोंडातून गेलं, "काका, मी जातो," तर तुम्ही गिऱ्हाइकांसमोर, "जा बुवा, जा. मिशी घेऊन जा टेबलावरची." सगळे हसले. ताईकडं जाऊन मी रडले होते. तुम्हाला काय त्याचं.

आणि तरी तुम्हीच शिकवलंत. हेच तर मला सहन होत नाही. नुसते वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

ती दुपार आठवते? फोन येत नव्हते, पंखा गरम हवा फेकत होता. मी स्क्रीनवरच्या क्रॉनच्या त्या ओळीकडं बघून विचारलं, "काका, हे तारे कसले?" मला वाटलं, ओरडणार. तुम्ही खिडकीतल्या फणीची पाच केळी मोडलीत आणि टेबलावर ओळीनं मांडलीत.

"हे पहिलं मिनिट. हा तास. ही तारीख. हा महिना. आन हा वार. समजलं?"

"आधी मिनिट कशाला? तास आधी पाहिजे."

"ज्यानं बनवलं त्याले विचार जाऊन. आता बघ." पहिली दोन तशीच ठेवलीत. तिसरं सोललंत, खाल्लंत आणि साल जागेवर ठेवून दिलीत. मग चौथं. मग पाचवं खाता खाता ठसका लागला तरी खाल्लंत. "साल म्हणजे तारा. तारा म्हणजे कोणतंबी चालीन. कोणतीबी तारीख, कोणताबी महिना, कोणताबी वार. आन जिथं अख्खं केळ आहे तिथं आकडा पाहिजे. म्हणजे रोज, ठरल्या टायमाले. आता तू मांड. दर सोमवारी सकाळी सहा."

मी पाच मांडली. वाराचं केळ अख्खं ठेवलं, तारीख आणि महिना सोलून खाल्ले. तुम्ही वाकून बघितलंत. "हं," एवढंच. शाळेत मला कुणी 'हं' पण म्हटलं नव्हतं, काका.

मग दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही ते वसूलही करून घेतलंत. सर्व्हर बदलला होता. म्हणालात, "नव्यावर ओळ तू लिही." मी किती वेळा तपासली असेल. शून्य, सहा आणि तीन तारे. सकाळी सहा वाजले, मेसेज नाही. सात वाजले, नाही.  नथ्थू मुकादम ऑफिसच्या दारात टोळी घेऊन उभा, निंबोल्याचे केळीवाले भास्करभाऊ फोनवर. आणि मेसेज गेले भर उन्हात, साडेअकराला! सर्व्हर कुठल्या तरी परक्या मुलखात, त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तिथं तेव्हा कुठं सहा वाजलेले. मला हे कुणी सांगितलं होतं का? तुम्ही मुकादमाला म्हणालात, "हिच्या कोल्हापुरात आता उजाडून राहिलं." मुकादम हसला. टोळीतल्या बाया हसल्या.

मी नंतर विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं इसरली असती. आता मरेपर्यंत इसरणार नाही."

नाही विसरले. पण त्या दिवसापासून त्या ओळीला हात लावायची माझी हिंमत गेली. हे तुमच्या लक्षात आलं का? तुमच्या शिकवण्याची ही दुसरी बाजू आहे, ती कुणी फ्लेक्सवर छापणार नाही. सगळं कळतं, फक्त बोट पुढं होत नाही. सर्व्हरमध्ये शिरायचा पासवर्ड मीच टाकायची, कारण तुम्हाला चष्मा शोधायचा कंटाळा. मी टाकला की की-बोर्ड स्वतःकडं ओढून घ्यायचात, कुंपण घालायचात, की-बोर्ड परत सारायचात. एवढी एक कळ, काका. एवढी एक कळ तुम्ही मला कधी दाबू दिली नाहीत.

आणि आपलं ते भांडण. अर्धवट राहिलेलं.

मी म्हणायचे, पंचांग घेऊ, वर्षाच्या अमावास्या एका फाइलीत घालू, स्क्रिप्ट स्वतःच बघेल आणि गप्प बसेल. तुम्हाला पहाटे उठायला नको, मला धाकधूक नको. तीन-चार ओळींचं काम. प्रत्येक वेळी तुमचं एकच, "पंचांगात अमावस आहे. टोळीची अमावस पंचांगात नाही."

"मग कुठं आहे?"

"सरूच्या तोंडात."

सरूमावशी म्हणजे नथ्थू मुकादमाची बायको. टोळीत घड मोजून गाडीत देणारी. अमावास्या आज दुपारी लागून उद्या दुपारी सुटली, तर सुट्टी आजची की उद्याची, हे मावशी ठरवणार. एकदा म्हणाली, दिवा लागायच्या वेळी जी असते तीच खरी. मी लगेच, "बघा, नियम सापडला, आता लिहिते." पुढच्याच महिन्यात तिनं दुसऱ्या दिवशी धरली, कारण टोळीत नव्या आलेल्या दोन बायांच्या गावात तशी रीत. तुम्ही इतके खूश झालात त्या दिवशी, जणू मावशीनं तुमच्या बाजूनं साक्ष दिली. "टाक नं तुझ्या फाइलीत. दोन बाया नवीन, असं टाक."

म्हणून दर महिन्याला तुमचा फोन. "काय सरू, अमावस कवा धरता?" आणि मग सूनबाई कशी आहे, कोयत्याची जखम भरली का, नातू शाळेत जातो की पळून येतो. अर्धा तास. मला वाटायचं, टाइमपास. मी तोंडावर म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, "मशीनले विचारता येत नाही, कोल्हापूर. मशीनले सांगता येतं."

बरं, मान्य. पण काढायचं काय? घालायला माणूस लागतो. काढायला कशाला लागतो? हे मी त्या शेवटच्या संध्याकाळी विचारणार होते. शब्द तोंडावर होते. पण तुम्ही डावा खांदा चोळत होता.

मी म्हटलं, "काका, डॉक्टरकडं चला."

"गॅस आहे. हरभऱ्याची भाजी खाल्ली."

"घाम आलाय तुम्हाला. पंख्याखाली बसून घाम आलाय."

"आठवी पास डॉक्टरीणबाई, जिरा सोडा सांग एक."

सोडा मी सांगितला. वर काकूंनाही सांगितलं. त्या खाली आल्या, त्यांनाही तुम्ही हाकललंत. दोन बायका तुमच्या हातापाया पडत होत्या आणि तुम्ही सोड्याची बाटली नाचवत, "एवढं टेन्शन काहाले लेता?" असं म्हणत बसलात. मग कुंपण घातलंत. मग ते वाक्य. दुसऱ्या दिवशी, अमावास्येच्याच सकाळी, काकूंनी तुम्हाला रिक्षात घातलं, आणि शनवारा गेटपाशी तुम्ही सगळ्यांचं सगळं ऐकायचं सोडून दिलंत. म्हणजे आधी ऐकत होता असं नाही.

मला या गोष्टीसाठी तुम्हाला माफ करायचं नाहीये. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मग जिवंत असताना बोलू द्यायचं होतं.

पुढचं ऐका, तुम्ही मागं काय करून ठेवलंत ते.

तुम्हाला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मेसेज गेले नाहीत. सगळ्यांना वाटलं, दगडूभाऊ गेले म्हणून बंद ठेवलंय. कुणी फोनही केला नाही, मान राखला तुमचा. फक्त मला ठाऊक होतं की हा मानबिन काही नाही, एक # आहे ओळीपुढं. मी ऑफिसात जाऊन बसले, पासवर्ड टाकला. ती ओळ दिसली, पुढं तुमचं कुंपण. तुम्ही या जगात शेवटचं जे काम केलं ते ते होतं. मी की-बोर्डवर बोट ठेवलं आणि उचललं. काढलं आणि भलत्याच माणसांना मेसेज गेले तर? पाळी पुढंमागं झाली असेल तर? साडेअकरा आठवले. मी स्क्रीन बंद केली.

त्याच्या पुढच्या सकाळी भास्करभाऊंची पाळी. मेसेज नाही म्हणून त्यांनी बागेत पाणी सोडलं. आणि नथ्थू मुकादम आपल्या अंदाजानं टोळी घेऊन पोचला. गुडघ्याएवढा चिखल. मुकादम म्हणतो, तुले अक्कल नाही का; भास्करभाऊ म्हणतात, तुझा मेसेज कुठं आहे दाखव. कॉलर धरण्यापर्यंत गेलं. टोळी परत आली. घड झाडावरच, आणि पाच-सहा घडांत पिवळं दिसायला लागलेलं. झाडावर पिकलेलं केळ गाडीत चढत नाही, हे मला आता सांगावं लागत नाही.

भास्करभाऊ तडक वर तुमच्या घरी आले. खाली बसून त्यांनी आधी तुमच्या फोटोला नमस्कार केला, मग माझ्याकडं वळले. "बेटा, आज माझं गेलं, उद्या दुसऱ्याचं जाईन. हे चालू करता येईन का नाही, एवढं सांग."

तुमचे खांडव्याचे भाऊ म्हणाले, "तेराव्यापर्यंत बंदच ठेवा. बरं दिसत नाही. त्याचा राम राम जातो त्यात."

 मी मनात म्हटलं, सुटले, तेरा दिवस तरी सुटले. किती नालायक विचार असतात माणसाचे.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, "केळी सुतक पाळते का, भाऊजी?"

मग त्या माझ्याकडं वळल्या.

"वैशाली, चालू कर."

"काकू, मला भीती वाटते. ते मला हात लावू देत नव्हते."

"पासवर्ड कोण टाकत होतं?"

"मी. त्यांना चष्मा सापडायचा नाही म्हणून."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "चष्मा त्यांच्या खिशातच राहायचा."

काका, तुम्ही किती दुष्ट होता. सरळ म्हणायला काय झालं असतं? तोंडातून एक शब्द. 'तुझ्यावर सोडतो.' एवढंच. मी ते शिदोरीसारखं आयुष्यभर पुरवून खाल्लं असतं.

खाली आले. भास्करभाऊ मागं उभे राहिले, काकूही आल्या. मी आधी पाळी तपासली, थांबलेल्या दिवसांची माणसं परत पुढं घेतली, भास्करभाऊंना सगळ्यात वर. घड्याळ तपासलं, परत तपासलं. मग बोट ठेवलं आणि तुमचं कुंपण पुसलं. काहीच झालं नाही. आवाज नाही, काही नाही. पंखा फिरत होता. इतका वेळ मी कशाला घाबरत होते तेच कळेना.

सकाळी सहाला माझा फोन वाजला. मीच माझा नंबर यादीत घातला होता, खात्रीसाठी. राम राम, आज तुमच्या बागेत कापणी, पाणी सोडू नका. मी ताईच्या ओट्यावर बसून ते वाचलं, आणि मग मात्र रडले. माझी कुठं आहे बाग?

भास्करभाऊंचे तेवढे घड गेलेच. बाकीचे गाडीत चढले. ते परत भांडायला आले नाहीत, हाच त्यांचा चांगुलपणा. ज्यांचं वाचलं ते तुमच्या फोटोपुढं केळी ठेवून जातात. इतकी की काकू वैतागल्यात.

आज सरूमावशीला फोन केला. पुढची अमावास्या आलीच. मी नुसतंच विचारलं, "मावशी, अमावास्या कधी धरता?"  ती म्हणाली, "तू काहाले विचारते? त्या मशीनले माहीत नसन का?" मी म्हटलं, "मशीनला विचारता येत नाही, मावशी." ती रडायला लागली. मग मी सूनबाईचं विचारलं, नातवाचं विचारलं. नातू शाळेतून पळून येतोय. अर्धा तास झाला. तुम्ही जिंकलात, घ्या. फाइल मी लिहिणार नाही. त्या टोळीची अमावास्या मावशीच्याच तोंडात राहू दे.

उद्या धरतेत म्हणाली. मी आता कुंपण घातलंय. माझ्या बोटानं.

पण त्या ओळीच्या वर आज एक नवी ओळ आहे. ती रोज पहाटे, तुमच्या ओळीच्या आधी चालेल आणि कुंपण दिसलं तर शेजारी मी लिहून ठेवलेली तारीख वाचून बघेल की ज्या दिवसासाठी घातलं तो दिवस उलटला का. उलटला असेल तर ती ते पुसेल. मी उठले असेन किंवा नसेन. खोटं कुंपण घालून करून बघितलंय, घड्याळाचे साडेपाच तास धरलेत, आकडे खिडकीतल्या केळ्यांवर मांडून बघितलेत. घालायला माणूस पाहिजे, हे तुमचं बरोबर होतं. काढायला माणूस असेलच असं धरून चालायचं नाही, हे माझं बरोबर आहे. हे त्या संध्याकाळी बोलायचं होतं. तुम्ही त्यावर काहीतरी वाईटसाइट बोलला असतात, मला ठाऊक आहे. मग वाकून बघितलं असतंत.

काकूंनी आत्ताच वरून हाक मारली, जेवायला ये म्हणून. मी म्हटलं, "येतो." आणि मिशी टेबलावरच ठेवली, काका. तुम्ही सांभाळा.

परवा सकाळी कुणी उठायची गरज नाही.